पहिला फेटा

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. दिवाळीपासून चैत्रापर्यंत आमच्या ओसरीवर एकच विषय चालला होता, आपल्या मुळशी खोऱ्यात आजवर झालेल्या पैलवानांत पहिला कोण. बोलणारे बोलत होते आणि मी चहा करत होते. माझं माहेरही मुळशीतलंच, तेव्हा कुस्ती मला नवी नव्हती. पण माणसांनी एखाद्या गोष्टीवर किती बोलावं, याला काही सुमार? भात झोडून झालं, पेंढ्याच्या गंजी रचून झाल्या, वालाला शेंगा आल्या, शिमगा जवळ आला, तरी यांचा पहिला नंबर काही ठरेना. नुसतं गुऱ्हाळ. मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, अरे ठरवा रे कुणीतरी, चिठ्ठ्या टाका, काय वाटेल ते करा, पण माझी चूल जरा विझू द्या.

हे एवढं कशासाठी चाललं होतं, ते सांगते. आमचं गाव पौडहून मालेला जाताना लागतं. गावची यात्रा चैत्रात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्या. शेवटची मोठी कुस्ती लागायच्या आधी हलगी थांबवतात आणि खोऱ्यातल्या जुन्या, वय झालेल्या पैलवानांना मैदानात बोलावून फेटे बांधतात. फेटा सगळ्यांनाच मिळतो, पण क्रमानं. पहिला फेटा ज्याला, तो खोऱ्यातला सगळ्यात मोठा पैलवान. आणि एकदा पहिला झाला की मरेपर्यंत तोच पहिला. हा मान ज्यांच्याकडं होता ते म्हातारबुवा त्या पावसाळ्यात गेले. जागा मोकळी झाली. आणि ती माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, हवी होती.

मामंजींच्या अंगावरून त्याआधी वारं गेलं होतं. डावा हात, डावा पाय कामातून गेलेला. बोलणं शाबूत होतं, जरा जड यायचं एवढंच. सासूबाई आधीच वारलेल्या. मालक पुण्याला कारखान्यात, आठवड्यातून एकदा एस्टीनं यायचे, एक रात्र राहून परत. म्हणजे मामंजींना उठवणं, बसवणं, आंघोळ, जेवण, सगळं माझ्या एकटीच्या अंगावर, वर शेत, बैलजोडी आणि दोन म्हशी. एक दिवस मी त्यांना आंघोळ घालत होते, तर म्हणाले, "पोरी, मला दुसरं कायबी नगं. येक डाव पयला फेटा बांधून घेतो, मग जातो." मी म्हणाले, जायचं-बियचं नंतर बघू, आधी हात वर करा. पण त्या दिवशी मला कळलं की हा म्हातारा जगतोय तो कशावर.

त्यांना उठवणं मला सुरुवातीला जमतच नव्हतं. दिसायला हाडकुळे, पण उचलायला गेलं की भिजलेल्या पोत्यासारखे. मी खांद्याला धरून ओढायची, ते कळवळून ओरडायचे, मग मी रडायची. शेवटी त्यांनीच शिकवलं, तालमीत नव्या गड्याला शिकवावं तसं. त्यांच्या दोन पायांच्या मधे माझा एक पाय घालायचा. त्यांचा चांगला हात माझ्या मानेमागं घ्यायचा. माझे दोन्ही हात त्यांच्या कमरेमागं बांधायचे, आणि ओढायचं नाही, मागं रेलायचं. मी रेलले की ते आपसूक वर यायचे. उभे राहिले की त्यांच्या डाव्या गुडघ्याला माझा गुडघा टेकवून ठेवायचा, तो क्षणभरही काढायचा नाही. काढला की खलास. सून सासऱ्याला अशी मिठी घालते म्हणून गावात थोडी कुजबुज झाली. मी म्हटलं, ज्याला लाज वाटते त्यानं उद्या सकाळी येऊन उठवावं. कुणी आलं नाही.

पहिल्या फेट्याचे दुसरे दावेदार पौडचे. पौडच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. मुसलमानाचं घर, पिढ्यान्‌पिढ्या पौडचंच, बोलणं आमच्यासारखंच. मामंजींपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान आणि वजनाला जवळजवळ दुप्पट. मामंजी ऐन भरात दीड मणाचे, हे अडीच मणाच्या पुढचे. दोघांची कुस्ती कधी झाली नाही, होणारच नव्हती. एकानं कुस्ती सोडली तेव्हा दुसऱ्याला मिसरूड फुटत होतं. आणि तरी ठरवायचं काय, तर दोघांत मोठा कोण! हे कापडवाले दर आठवड्याला दुकान भावाच्या गळ्यात घालून आमच्याकडं यायचे, मामंजींच्या शेजारी बसायचे आणि दोघं आपापली बाजू मांडायचे. फेट्यांचा क्रम ठरवणाऱ्या पंचांत मामंजी स्वतःही होते आणि त्यांना चावडीवर नेणं शक्य नव्हतं, म्हणून सगळी पंचमंडळी आमच्याच ओसरीवर. दोघांत वैर म्हणाल तर अजिबात नाही. उलट कापडवाले एखाद्या आठवड्याला आले नाहीत तर मामंजींचं जेवणाकडं लक्ष नसायचं, आणि तो राग माझ्या कालवणावर निघायचा.

मामंजींचं म्हणणं असं, की मी दीड मणाचा असून माझ्या दुप्पट गडी पाडले. आमच्या वेळी वजन कोण बघत होतं? पंच दोघांचे हात धरून मैदानात फिरवायचे, लोक व्हय म्हणाले की जोड लागली. बदाम कुणी बघितला होता, नाचणीची भाकर खाऊन लढलो. कापडवाले म्हणायचे, सगळं कबूल, पण तुमच्याशी लढले कोण? आपल्या खोऱ्यातले आणि फार तर मावळातले. मी कोल्हापूर-सांगलीकडं जाऊन कुस्त्या मारल्या. आणि मी जड, हा काय माझा गुन्हा? माझ्याहून दुप्पट माणूस मी आणू कुठून? मग बाकीचे सुटायचे. तेव्हा दिवस मावळेपर्यंत कुस्ती चालायची, आता घड्याळ लावून सोडवतात. तेव्हाच्यांना आताचे डाव ठाऊक नव्हते, आताच्यांना तेव्हाचा दम नाही. एका शहाण्यानं तर गेलेल्या म्हातारबुवांनाच नंबरावरनं खाली ओढायला काढलं. मेल्यावरही माणसाला चैन नाही.

पंचांत एक हवालदार होते, पलटणीतून पेन्शनीत आलेले. पलटणीत ते बॉक्सिंग खेळायचे. त्यांनी सांगितलं, आमच्याकडं आधी माणूस काट्यावर उभा करतात. हलका हलक्याशी, जड जडाशी, आणि प्रत्येक वजनाचा पहिला नंबर वेगळा. तरीही वाद सुटत नाहीत म्हणे. जगात एवढे थोर बॉक्सर झाले, पण पलटणीत जेवायला बसलं की हेच, चाळीस वर्षांपूर्वीचा तो अंगानं भिंताडासारखा गडी मोठा, की आत्ताचा हा, नाचत नाचत मारणारा मोठा. मग त्यातला एखादा म्हणायचा, वजन सोडा, सगळे एका वजनाचे धरा, आणि मग सांगा पहिला कोण. हे ऐकून मामंजींचा चेहरा असा खुलला की काय सांगू. सगळे एका वजनाचे धरले तर प्रश्नच मिटला, म्हणाले. कापडवाले हसले. वजन काय मला वाटेत सापडलं, म्हणाले, घाम गाळून कमावलंय, ते सोडलं तर माझ्यात राहिलं काय? हवालदार म्हणाले, तर मग पहिले दोन करा, एक हलका, एक जड. झालं! सगळे त्यांच्यावरच तुटून पडले. पहिला म्हणजे एकच. पहिले दोन असले तर त्याला पहिला कशाला म्हणायचं? आणि मग मला हाक, वहिनी, च्या ठेवा.

खोटं कशाला बोलू, मला त्यांच्या नंबराचं काही पडलेलं नव्हतं. मला झोप हवी होती. दुपारी पाय पसरून अर्धा तास कुणी हाक मारू नये, एवढंच हवं होतं. मामंजींना फेटा मिळावा असं वाटायचं, पण त्यात निम्मा माझा स्वार्थ होता. एकदाचा फेटा बांधला की त्यांचा जीव थाऱ्यावर येईल आणि माझ्या ओसरीवरचा बाजार उठेल. इतकी कंटाळले होते मी, की कधी कधी कालवण ढवळता ढवळता डोळे मिटायचे आणि हात तेवढा चालू असायचा.

शिमगा झाल्यावर निकाल लागला, आणि तो लावला कापडवाल्यांनीच. म्हणाले, यंदा यांना बांधा. मामंजींना ते लागलं. त्यांनी विचारलं, माझी कीव करतोस व्हय? कापडवाले म्हणाले, कीव कसली, माझा बाप तुमच्या कुस्त्या बघून आला की घरी सांगायचा, त्या ऐकून मी तालमीत गेलो. तुमच्या आधी मी फेटा बांधून घेतला तर बाप कबरीत कूस बदलेल. मामंजींनी मला चहा टाकायला सांगितलं. त्या दिवशी मी दूध जरा जास्त घातलं.

आता प्रश्न आला, मामंजींना मैदानात न्यायचं कसं. कारण फेटा बांधताना मातीत पाय रोवून उभं राहायचं असतं. पंचांचे म्होरके म्हणाले, कशाला म्हाताऱ्याचे हाल, आम्हीच वाजतगाजत फेटा घरी आणतो. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडं फेटा घरी येतो तो माणूस गेल्यावर, दहाव्याला, पाहुणे घेऊन येतात आणि मुलाच्या डोक्याला बांधतात, दुखवट्याचा. मी किटली घेऊन तशीच बाहेर आले. म्हटलं, "माणूस जिता हाय अजून. फेटा घरात येनार न्हाई. त्येच येतील मैदानात." सासऱ्यासमोर, पंचांसमोर मी पहिल्यांदाच अशी बोलले. म्होरके ओशाळले. मामंजी माझ्याकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, तिचं खरं हाय.

कुस्त्यांच्या दिवशी मालकांनी गाडी जुंपली, मी आत पेंढा घालून वर घोंगडी अंथरली. मामंजींची दाढी केलेली, धोतर परीटघडीचं, अंगात पांढरा सदरा. वाटेत भेटेल तो हात जोडत होता आणि ते मान हलवत होते. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मैदानाच्या कडेला गाडी सोडली. हलगीनं बैल बुजले, म्हणून मालक त्यांना धरून राहिले. आमच्यात बायका देवळाच्या ओट्यावरून कुस्त्या बघतात. मैदानाच्या मातीत बाईनं पाय ठेवायचा नाही, असा दंडक. मी म्होरक्यांना गाठून सांगितलं, यांना उभं करणं मलाच जमतं, दोन मिनटांचं काम, मला येऊ द्या. ते बिचारे अवघडले. म्हणाले, "वहिनी, तुमचं समदं खरं. पर मातीत बाईमाणूस न्हाई चालायचं. लोक काय म्हनतील?" लोक काय म्हणतील हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण त्या दिवशी मला भांडण नको होतं. मी म्हटलं, बरं, मग कुणाला देताय त्यांना समजावते.

त्यांनी दोन तरणे पैलवान दिले, रेड्यासारखे दांडगे. मी त्यांना दोनदोनदा सांगितलं, कमरेला धरा, खांद्याला नाही, आणि डावा गुडघा सोडू नका. ती पोरं माझ्याकडं बघायलाही लाजत होती. खाली बघून व्हय काकू, व्हय काकू म्हणत होती. नीट ऐकलं का, विचारलं, तर परत व्हय काकू.

हलगी थांबली. दोघांनी मामंजींना हातांची पालखी करून मैदानाच्या मधोमध नेलं आणि उभं केलं. मी ओट्यावरून बघत होते. उभे राहिले! एक पोरगा एका बाजूनं, दुसरा दुसऱ्या बाजूनं, मधे माझा सासरा, मान ताठ. टाळ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारणीनं मला कोपर मारलं आणि मी हसले. म्होरक्यांनी फेट्याचं टोक त्यांच्या कपाळाला लावलं.

आता तालमीतल्या पोरांची एक रीत असते. वस्तादाला मान मिळाला की आधी त्याच्या पाया पडायचं. लहानपणापासून हाडात मुरलेली सवय, विचार करून कुणी पडत नाही. ती दोन्ही पोरं, दोन्ही एकदम, मामंजींच्या पाया पडायला वाकली.

मामंजी सरळ मागं गेले. दोन्ही खांदे मातीला लागले.

कुस्तीत पाठ मातीला लागली की संपलं, त्याच्यापुढं पंचसुद्धा बोलत नाहीत. तिथल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. आणि खोऱ्यातला पहिला पैलवान आभाळाकडं बघत पडला होता.

मी ओट्यावरून कधी उतरले, चपला कुठं राहिल्या, मला आठवत नाही. मातीत गेले. कुणी अडवलं नाही, अडवलं असतं तर मी त्याला हाणलं असतं. ती दोन पोरं रडायच्या बेताला आली होती. त्यांना बाजूला केलं, मामंजींना आधी बसतं केलं, लागलं का विचारलं. मान हलवली, नाही. मग पाय मधे घातला, त्यांचा हात मानेमागं घेतला, मागं रेलले. उभे राहिले. त्यांचं हृदय माझ्या खांद्याशी धडधडत होतं. म्होरके फेट्याचं टोक हातात घेऊन पांढरेफटक उभे होते. म्हणाले, चला, काय झालं नाही, बांधून घेऊ.

"थांब," मामंजी म्हणाले. "पाठ लागली."

म्होरके म्हणाले, ही काय कुस्ती होती का? बाकीचे पंचही तेच म्हणू लागले. कापडवाले गर्दीतून पुढं आले. त्यांना धाप लागली होती. म्हणाले, पाठ लागायला समोर गडी लागतो, तुमच्यासमोर होतं कोण?

"माती काय गडी बघती व्हय?" मामंजी म्हणाले. "समद्या गावानं बघितलंय. पाठ लागलेल्याला पयला फेटा बांधत्यात कुटं? ह्येला बांधा." कापडवाल्यांनी कानावर हात ठेवले. मामंजी म्हणाले, "मी पंच हाय अजून. बांधा म्हनतो."

बांधला. कापडवाले फेटा बांधून घेताना ढसाढसा रडले, एवढा मोठा माणूस, लाज न धरता. मामंजींना दुसरा फेटा देत होते, तर तोही नको म्हणाले. मला म्हणाले, घरला चल.

गाडीत मी त्यांच्या उशाशी बसले. मला दया आली असेल असं तुम्हाला वाटेल, पण मला संताप आला होता. अख्खा हिवाळा माझ्या हाडांची काडं झाली, ती ह्यासाठी? मी सरळ बोलले. घेतला असता तर कुणी काय म्हणणार होतं? सगळे हातात आणून देत होते. पोरं वाकली, त्यात तुमचा काय दोष? एकच तर मागत होता इतकी वर्षं.

मालक पुढं बसून गाडी हाकत होते, त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही.

"पोरांवर राग धरू नगं," मामंजी म्हणाले. "वाकली नसती तर मी फेटा बांधून आलो असतो आनि मला वाटलं असतं मी उभा व्हतो. उभा मी कुटं व्हतो? पोरांनी सोडलं, पडलो. तू सोडशील तवाबी पडंन. पयला फेटा उभ्या मानसाचा असतो, पोरी."

मी म्हटलं, आता गप बसा. मला रडायचं नव्हतं, पण रडू आलंच, आणि पदर मातीनं भरलेला, म्हणून हातानंच डोळे पुसले. दारात गाडी थांबली. मालकांनी खाली उडी मारली आणि बापाला उतरवून घ्यायला दोन्ही हात पुढं केले.

"तू बैल सोड," मामंजी त्यांना म्हणाले. "हिला येऊं दे."